दवंडीच्या पोटात राहिलेली गोष्ट

तिचं पार्लर गल्लीच्या तोंडाशी आणि तिचं तोंड गल्लीभर, म्हणून सगळे तिला दवंडी म्हणत. एक भुवई कोरताना "कुणाला सांगू नका हं" अशी सुरुवात व्हायची आणि दुसरी होईपर्यंत बाई सगळं सांगून मोकळी. तोंडात तीळ म्हणून भिजायचा नाही.

अशा बाईला हौस नाटक लिहायची! गल्लीतल्या हौशी मंडळाचा दिग्दर्शक तिचा धाकटा दीरच होता. मंडळाची रीत अशी, की नवं नाटक आधी सगळ्यांपुढे वाचायचं, पहिल्या अंकानंतर चहा द्यायचा आणि चहानंतर कितीजण परत येऊन बसतात त्यावरून नाटकाचं नशीब ठरवायचं. मागच्या खेपेला तिच्या नाटकात पडदा उघडताच मोलकरीण म्हणाली होती, "थोरल्यांनी घर विकलंय, धाकट्यांना पत्ता नाही, पण शेवटी समेट होतो." लोक चहा प्यायले आणि चपला घालून चालते झाले. नवरासुद्धा 'गाडी नीट लावून येतो' म्हणून गेला तो घरीच सापडला.

दीर म्हणाला, "वहिनी, पहिल्या अंकात उत्तर नाही द्यायचं. टांगून ठेवायचं. या वेळी खुर्च्या रिकाम्या झाल्या तर मंडळ तुमचं नाटक पुन्हा ऐकायचं नाही. मग मलाही काही करता येणार नाही."

तिला पटलं, पण पेनाला पटेना. तिने मोलकरणीला मुकी केली, तर ती खाणाखुणांनी सांगून गेली.

मग एकदा सगळे जेवायला बसले असताना सासूबाईंनी शांतपणे पानातली भाजी बाजूला सारली. "मला तुम्हा दोघांशी बोलायचंय. जेवणं होऊ देत."

बस्स, एवढंच. नवऱ्याने हातातला घास परत पानात ठेवला. पाणी पिऊन तो आपणहून म्हणाला, की गाडीला ओरखडा त्याच्याच हातून पडला, शेजाऱ्याचा त्यात काही दोष नाही. दवंडीला आपल्या हातून फुटलेली लोणच्याची बरणी आठवली आणि तिनेही कबुली देऊन टाकली. सासूबाई दोघांकडे बघत सावकाश ताक प्यायल्या. जेवणं आटोपल्यावर म्हणाल्या, "न्हाणीघरातला नळ गळतोय."

दवंडी उष्ट्या हातानेच लिहायला बसली.

नव्या नाटकात पहिल्याच प्रवेशात एक आजी येते, खुर्चीत बसते आणि म्हणते, "सगळे आले की बोलते." मग घरातला एकेकजण येतो, आजीचा चेहरा वाचायला बघतो आणि भीतीपोटी आपलंच पाप ओकतो. आजी अंकभर नुसती लोकर विणते. शेवटचा माणूस दारात येतो, आजी सुया खाली ठेवते आणि पडदा पडतो.

पहिल्या अंकाचं वाचन झालं, चहा आला. दवंडीच्या जन्माची परीक्षा आता खरी सुरू झाली, कारण जो तो तिलाच येऊन गाठत होता. आजी काय बोलणार? वाईट असतं का? थोरल्या जावयाबद्दल असतं का? नेहमी भुवया कोरायला येणाऱ्या काकूंनी तर तिला कोपऱ्यात घेतलं, आम्ही कुणाला सांगतोय का, म्हणाल्या. गोष्ट दवंडीच्या दातांपर्यंत आली. तिने घाईघाईने दोन बिस्किटं एकदम तोंडात कोंबली आणि मान हलवत राहिली.

चपलांकडे कुणी फिरकलंच नाही. दीर दुरून बोटाने खुर्च्या मोजत होता आणि हसू दाबत होता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सासूबाई आल्या, कप हातात तसाच. "मला तरी सांग गं. घरच्या माणसाला सांगायला काय होतंय?"

दवंडीने बिस्किटं गिळली, पदराने ओठ पुसले.

"सगळे बसले की बोलू, आई."

सासूबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग चहा अर्धा टाकून त्या सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या रांगेत बसल्या.