हवालदाराची काठी

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात अपंगाच्या दाखल्याची रांग होती. सुनेच्या हट्टापायी मीही बसलो होतो. सगळ्यांना टक्के जास्त हवे होते, माझ्या शेजारच्या हवालदाराला कमी. न्हावा शेवाच्या रस्त्यावर ड्युटीवर असताना ट्रेलरने त्याचा पाय चिरडला होता. तो सारखा उठायचा, पाण्याच्या टाकीपर्यंत काठीशिवाय चालायचा, घाम पुसत परत यायचा.

“बसा की सायेब, लादी झिजल,” मी म्हणालो.

“बसवतीलच, बाबा, ऑफिसात. मला चौकात उभं राहायचंय. काठी धरा, डॉक्टरांना दिसायला नको.”

तपासून बाहेर आला तेव्हा चेहरा पांढराफटक होता. मी काठी पुढे केली.

“गेटाबाहेर द्या,” तो पुटपुटला.

दोन्ही गुडघे गेले तरी मी आजवर काठी धरली नाय. त्या दिवशी मात्र गेटापर्यंत टेकत गेलो, माझीच असल्यासारखी.