होळीला घरी असणारी मुलं

नंदुरबार स्टेशनवर मला सोडायला आलेल्या सगळ्यांचे डोळे पाणावले होते. इथं परदेशातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हळहळतात. तेव्हा मिरचीचा हंगाम होता, स्टेशनजवळच्या मोकळ्या पथाऱ्यांवर मिरची वाळत होती आणि फलाटावरचे हमालही तितकेच रडत होते, हे मी सांगत नाही. काका शिंकता शिंकता एका अनोळखी प्रवाशाला म्हणाले, "आम्हनी पोर फॉरेनले जाई ऱ्हायनी. डोकाना फोटू काढस." आई एवढंच म्हणाली, "कमी बोल. देखत ऱ्हाय." मला हे सांगायची गरज नव्हती.

डोक्याचे फोटो दुसरे काढतात. एकाच मुलाच्या मेंदूचा स्कॅन दर वर्षी होतो आणि मी त्या स्कॅनमधून त्याच्या वाढीची रेषा काढते. अनेक मुलांच्या रेषा एकत्र मांडल्या की वाढीचं मॉडेल तयार होतं. आमच्या लॅबमध्ये निरनिराळ्या देशांतला डेटा येतो. एके दिवशी त्यात माझा जिल्हा आला, तळोदा आणि अक्कलकुव्याच्या वरची डोंगरातली गावं. मी कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी माझ्याकडून जेवणाच्या पाककृती मागितल्या असत्या.

डोंगरातली पुष्कळ मुलं पहिल्या स्कॅनला होती, पुढच्यांना नव्हती. आमचे प्रमुख मीटिंगमध्ये म्हणाले की अशी कुटुंबं बेभरवशाची असतात. गैरहजेरी हा निव्वळ योगायोग धरू, अपुऱ्या स्कॅनची मुलं काढून टाकू. सगळ्यांनी माना हलवल्या. तळोद्यात काकांचं किराणा दुकान आहे. डोंगरातून आलेलं गिऱ्हाईक पायरी उतरलं की ते नेहमी म्हणत, "त्या लोकस्ना काही ठिकाना ऱ्हास का?" इतकं शिकून, इतकी यंत्रं विकत घेऊन ही माणसं काकांच्या गल्ल्यापर्यंतच पोचली होती. काका निदान ते फुकट सांगत.

पुढचे सगळे स्कॅन जानेवारीत ठेवले होते, कारण लॅबला ते सोयीचं होतं. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर आमची इंग्रजी शाळेची बस ऊसतोडीला गुजरातकडे निघालेल्या ट्रकांच्या मागे अडकायची. ट्रकात भांडी, कोंबड्या, बाया आणि आमच्याच वयाची मुलं. टीचर धूळ येते म्हणून काचा लावायला सांगायच्या. काच लावली तरी दिसायचं. जी मुलं अजूनही अशा ट्रकांतून जातात, तीच जानेवारीच्या डेटात नव्हती. त्यांना काढलं की उरणार होती शिक्षकांची आणि दुकानदारांची मुलं. त्यांच्या रेषा छान चढत होत्या. त्यावरून जिल्ह्यातली मुलं उत्तम वाढताहेत असं छापून आलं असतं आणि डोंगरातल्या पोषणाच्या कामाची गरजच उरली नसती.

मी गैरहजेरीलाच मॉडेलमध्ये घेतलं. घरची माणसं ऊसतोडीला जातात की नाही, यावरून मूल पुढच्या स्कॅनला येईल की नाही ते ठरतं, असं मांडलं. तशी न आलेली मुलंही हिशेबात आली आणि रेषा खाली आली. प्रमुखांनी ती पाहिली आणि विचारलं, "मग ही माणसं घरी असतात तरी कधी?"

"होळीला," मी म्हणाले. डोंगरातला माणूस कुठंही असो, होळीला परततो.

"तारीख?"

"दर वर्षी बदलते. पौर्णिमेवर असते."

ते हसले. "आपण चंद्र बघून एमआरआय चालवायचं का?"

बाकीचेही हसले. मी म्हणाले, "ईस्टरची तारीखही चंद्रच ठरवतो. तेव्हा आपण लॅब बंद ठेवतो."

मीटिंगमधलं माझं हे सगळ्यात लांब बोलणं. नंतर कॉफीच्या मशीनपाशी कोणी माझ्या शेजारी उभं राहिलं नाही. पण एकही मूल काढलं नाही आणि पुढचे स्कॅन होळीनंतर ठरले. आता प्रमुख जाईल तिथं 'आमची स्थलांतराबद्दलची दृष्टी' यावर बोलतात. बोलोत बिचारे.

घर कशाला म्हणायचं, असं इथं आलेले आपले लोक जेवणानंतर एकमेकांना फार विचारतात आणि गहिवरतात. मला तो गहिवर झेपत नाही. घर म्हणजे जिथं परत येण्याचा दिवस ठरलेला असतो, एवढंच मला कळतं.

परवा आईनं फोनवर विचारलं, "दिवाईले येशी ना?"

"नाही. होळीला येईन. स्कॅन आहेत."

मागून काकांचा आवाज आला, "होळीले? ऊस तोडाले गयेल शे का ती?"

"हो म्हण त्यांना," मी आईला सांगितलं.