जहाजावरच्या पोराचे दोन शेवट

शुक्रवारी कहाणी झाली, आरती झाली, तरी आमच्या सेक्टरातल्या बायका काही उठत नाहीत. हातात प्रसादाचा द्रोण, आणि एकातून एक किस्सा निघत जातो. हल्ली तर देवीच्या कहाणीशेजारी एक जपानी कहाणीही येऊन बसली आहे!

शेजारच्या शोभाताईंचा निखिल आजारपणात गेला. तो आणि माझी केतकी मिळून पावर हाउसच्या बाजारातून मांगा आणत, म्हणजे जपानी चित्रकथेची पुस्तकं. त्यांची लाडकी गोष्ट जहाजावर गेलेल्या पोराची आणि बंदरावर वाट बघणाऱ्या त्याच्या आईची. निखिल गेल्यावर त्या गोष्टीचं अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, टीव्हीवर आलं.

शोभाताई म्हणाल्या, "दवाखान्यात मी त्याले विचारलं होतं, ते पोरगं घरी येते का रे? तो म्हणे, येते आई. आता टीव्हीवर मले ते पाहाचं आहे."

मग प्रसादानंतर आम्ही सगळ्याच पाहू लागलो.

*

मी पहिलं पुस्तक पोथीसारखं उघडलं. ही पुस्तकं उजवीकडून वाचतात, मला काय ठाऊक!

"आई, तू शेवटून वाचून राहिली!"

"तरीच म्हटलं, फळ आधी अन् व्रत मागून कसं!"

*

कुंदावहिनी टीव्ही लागला की डोक्यावर पदर घेऊन मुठीत अक्षता धरत. केतकी हसली, तर म्हणाल्या, "कहाणी आहे ना बाई? कोणत्याही देशाची असो!"

*

पुस्तकात ती आई कितीतरी पानं नुसती बंदरावर बसलेली आहे. टीव्हीवर ते क्षणात आटोपलं. केतकी चिडली, "अरे यार, सबसे अच्छा सीन काट दिया!"

"अध्याय गाळला?" कुंदावहिनी घाबरल्याच. "मंग फळ कसं भेटन?"

शोभाताई हळूच बोलल्या, "टीव्हीवाल्याईले वाट पाहाचं काम नाही पडलं अजून."

*

शेवटच्या भागात पोरगं घरी आलं. शोभाताईंनी हात जोडले. "म्हटलं होतं ना त्यानं!" आम्ही सगळ्या डोळे पुसत होतो.

केतकी मात्र स्वयंपाकघरात जाऊन उभी. मी मागोमाग गेले. "आई, पुस्तकात तो येतच नाही. निखिलनं वाचलं होतं. त्यानं काकूला खोटं सांगितलं."

मी देवीला म्हटलं, ते शेवटचं पुस्तक कपाटातच राहू दे, माये.

*

पण शोभाताईंनी ते मागितलंच. "टीव्हीवाली झाली, पुस्तकवाली राहिली. कहाणी अर्धी ठेवून उठू नाही."

"तेच आहे हो त्यात! कावून डोळे दुखवता?" माझ्याकडून सगळं कळलेल्या कुंदावहिनींनी अडवून पाहिलं. शोभाताईंचा हात पुढेच.

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, तसं तिनं कपाटातून पुस्तक काढून दिलं.

शेवटच्या पानांत अक्षर नाही, नुसती चित्रं. शोभाताई उजवीकडून एकेक पान उलटत गेल्या. रिकामं बंदर. एकटी आई. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि पदरानं त्याची पाठ पुसली.

केतकीला रडू आवरेना. "काकू, सॉरी..."

शोभाताईंनी तिला जवळ घेतलं.

"कावून रडून राहिली बेटा? टीव्हीवाल्याईनं ऐकलं ना माझ्या निखिलचं!"