कोल्ह्याच्या वाटेवर मी लावलेली जाळी

उलवेकर मंडळी, मागच्या आठवड्यात मी इथेच एक फोटो टाकला होता. आमच्या सोसायटीच्या भिंतीखालच्या गटाराच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली, आता कोल्हे आत येणार नाहीत, असं सेक्रेटरी या नात्याने मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तुम्ही भरपूर लाइक दिलेत.

आज सकाळी कोल्हा आत होता. कचऱ्याच्या गाडीसाठी गेट उघडलं तेव्हा शिरला असावा. बाहेर पडायला तो सारखा त्या जाळीपाशीच येत होता. घासून घासून नाकातून रक्त आलं होतं. पार्किंगमध्ये लोक काठ्या, वायपर घेऊन उभे.

आमचे वॉचमन म्हात्रेकाका इथल्याच गावचे. बिल्डिंगच्या जागी त्यांची भातशेती होती. ते म्हणाले, "मॅडम, सगल्यांना मागं घ्या नि मला पाना द्या."

त्यांनी बोल्ट काढले, जाळी उचलली आणि लांब जाऊन बसले. थोड्या वेळाने कोल्हा त्या भोकातून निघाला तो थेट खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत.

"त्याची वाटच हाय ती," काका म्हणाले. "भिंतीच्या जागी शेताचा बांध होता तवा आमी पन तितूनच खाडीवर जायचो."

"मग जाळी लावली तेव्हा बोलला का नाहीत?"

"मीटिंगमदी वॉचमनला कोन इचारतं?"

जाळी सध्या माझ्या गाडीच्या डिकीत आहे. रविवारी पुन्हा मीटिंग आहे, आणि काकांना मी पहिल्या रांगेत बसवणार आहे. तुमच्या मीटिंगमध्ये असं कोणाला विचारायचं राहिलंय?