खळ लावलेली कलगी

खेळाला अजून अवकाश आहे. कपडेपटाच्या खोलीत ट्रंकेला टेकून द्वारकाबाईंचा डोळा लागतो न लागतो, तोच समोरच्या आरशात नरहरपंत मिशी चिकटवू लागतात. पंतांना जाऊन वर्ष होत आलं, हे बाईंना ठाऊक आहे. पण नवऱ्याला तसं तोंडावर सांगायचं कसं!

"आज राजा कोण?" पंत विचारतात.

"आपला श्रीपाद. पहिलाच खेळ त्याचा."

"आणि कलगी?"

बगळ्याची पिसं ती. माणूस जरा कापला, की डोक्यावर लवलवतात. ऐन उमेदीत पंतांची कलगी अशीच थरथरली आणि पिटातली टारगट मंडळी ओरडली होती, "राजा घाबरला!" तेव्हापासून बाई दर खेळाआधी पिसांना गुपचूप खळ लावून ती ताठ करत. आज लेकासाठीही लावली आहे.

"वाळत ठेवलीय," त्या म्हणतात.

"दे इकडे."

पंत उठतात तेव्हा पायाखाली नदीचा चिखल आहे. विंगा, पडदे, सिंहासन, सगळं पाण्यात उभं. पलीकडे एक बगळा मान आखडून बघतोय. त्याच्या पाठीवर एकही पीस नाही. पंत कलगी पाण्यात बुडवून चोळू लागतात.

"अहो, काय करताय हे! चारचौघांत पोराची शोभा होईल!"

"शेवटच्या खेळाला मी तापानं फणफणलो होतो, द्वारके. उभा कापत होतो. कलगी हलली असती तर कुणीतरी पडदा पाडला असता. ती काही हलली नाही."

"मला सांगायचं होतंत!"

"राजाचा अंगरखा चढवल्यावर सांगवतं होय? पोरानं तरी सांगितलंय का तुला?"

बाईंना हंबरडा फोडायचा आहे, पण पाणी गळ्याशी आलेलं.

"आई, पहिली घंटा झाली. कलगी खोव ना."

श्रीपाद मंदिल चढवून समोर बसला आहे, हसतो आहे. कलगी बाईंच्या मांडीवर आहे. खळीचा मागमूस नाही. पिसं नुसती मऊ, आणि देठाशी ओल्या चिखलाचा ठिपका.

त्या ती मंदिलात खोवतात आणि हात बाजूला घेतात. खिडक्या बंद आहेत. पिसं थांबत नाहीत.

बाई लेकाच्या मानेवर तळवा ठेवतात. मान भाजते आहे.

"दुसरी घंटा देऊ नका!" त्या विंगेकडे धावत ओरडतात.