बुधवारच्या मावशी

रविवारची मिस्सा संपली की मावशी चर्चच्या दारात उभ्या राहायच्या आणि बाहेर पडणाऱ्याचं कोपर धरायच्या. "बुधवारी काय करतीस?" कोपर एकदा त्यांच्या हातात गेलं की सुटका नसे. काही जण म्हणूनच बाजूच्या दाराने निघायचे. एकदा फादरही त्या दाराने लगबगीने जाताना मी पाहिले आहेत.

पाचगणीची नोकरी सोडून मी सांगलीच्या शाळेत आले, तेव्हा पहिल्याच रविवारी सापडले.

"शाळा असते," मी म्हणाले.

"किती वाजेपातूर?"

"चार."

"मग साडेचारला सरकारी दवाखान्याच्या दारात ये."

आमच्याकडे गायनमंडळ होतं, महिला मंडळ होतं, वेदीची फुलं सजवणाऱ्या बायका होत्या. मावशींचा गट आजाऱ्यांना भेटणाऱ्यांचा. रुग्ण कुठल्याही जातीधर्माचा असो, ज्याच्याजवळ कुणी नाही त्याच्याजवळ बसायचं. मावशींचं आयुष्य माधवनगरला कापडगिरणीत गेलेलं. मागांच्या खडखडाटात चढलेला आवाज पुढे उतरलाच नाही. एकदा प्रवचन लांबलं तेव्हा त्या शेजारणीच्या कानात कुजबुजल्या, "गॅसवर दूध ठेवून आलीया गं मी." सगळ्या चर्चने ऐकलं. प्रवचन तिथेच आटोपलं.

वॉर्डात मात्र त्या कमी बोलत. कुणाची नखं काप, कुणाचे केस विंचर. मी प्रार्थना सुरू केली की थांबवायच्या. "आधी पानी पाहिजे का इचार. देवाला घाई न्हाई, त्याला हाय."

तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल. पण त्या एका बुधवारी मी जे पाहिलं, ते पुन्हा कुठे पाहिलं नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर जतकडचा एक म्हातारा होता. अर्धांगवायूने उजवा हात गेलेला. जेवणाचं ताट तसंच पडलेलं. मावशी दोन पावलं पुढे गेल्या आणि एकदम मागे फिरल्या. व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या.

"आमचा मुकादम हाय तो," त्या म्हणाल्या. "पोरगी तापानं फणफणली हुती. तीन दिस घरी राहिले. चौथ्या दिवशी गेले, तर माझा माग दुसरीला दिल्याला. लय पाया पडले त्याच्या. दवापान्याला घरात काय न्हवतं."

"मग मुलगी?"

"न्हाई वाचली." मग दाराकडे बोट करून म्हणाल्या, "तू जा आत."

मी गेले. चमचा पुढे केला, तर म्हाताऱ्याने तोंड घट्ट मिटून मान भिंतीकडे वळवली. मी बाहेर आले.

"जेवला?"

"नाही."

मावशी बाकावरून उठल्या. मग पिशवीतून मऊ भाताचा डबा काढला आणि आत गेल्या. मी दारात थांबले.

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. "चार नंबरच्या मागावरची... न्हवं?"

"व्हय. आ करा."

त्याने तोंड उघडलं. घास गिळताना डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मावशींनी पदराने त्याची हनुवटी पुसली आणि पुढचा घास केला. पुतण्या येऊन त्याला गावाकडे घेऊन जाईपर्यंत मावशी बुधवारची वाट न बघता रोज गेल्या.

पुढे त्या स्वतः अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही त्याला माफ केलंत. मला जन्मात जमणार नाही."

त्या माझ्यावरच खेकसल्या. "कोन म्हनलं माफ केलं? राग हाय तसाच हाय. रोज दवाखान्याच्या जिन्यात वाटायचं, मागं फिरावं. पर त्याला भूक लागलेली. माझ्या रागापायी त्याला उपाशी ठिवू?" मग हळूच विचारलं, "देवाला चालंल न्हवं गं असं?"

"चालेल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांच्या अंत्यविधीला चर्च भरलं होतं. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात काम करणाऱ्या तीन आया ड्यूटीच्या साडीतच आल्या होत्या. आमच्या चर्चमध्ये त्या पहिल्यांदाच येत होत्या. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्याकडे बघून त्या उठत होत्या, गुडघे टेकत होत्या. शेवटी आम्ही सगळे बसलो, तरी त्या तिघी मावशींच्या पेटीकडे बघत उभ्याच राहिल्या. त्यांना बसा म्हणावं, असं कुणालाच वाटलं नाही.