परशरामआप्पाची कानडी

खानापूरच्या डोंगरातल्या आमच्या गावात कानडी येणारा माणूस एकच, परशरामआप्पा, अशी गावाची चाळीस वर्षं खात्री होती. शिकलेली पोरं बेळगावात नोकरीला, मागे राहिलो आम्ही मराठीवाले म्हातारे. आप्पाची कानडी तीन शब्दांची होती, हे फार उशिरा कळलं. हौदु, इल्ला आणि नाळे बा. म्हणजे हो, नाही आणि उद्या ये. कचेरीचा कसलाही कागद आला की आप्पा चष्मा पुसायचा, कागद लांब धरायचा आणि सांगायचा, "उद्या या म्हंत्यात." कचेरीत गेल्यावर तेच ऐकायला मिळायचं, त्यामुळे तो कधी चुकला नाही. त्या मानावर आप्पा जगायचा. चहासुद्धा आधी त्यालाच मिळायचा.

परवा चारच्या सुमाराला आम्ही पारावर बसलो होतो. गदगकडून नवीन आलेला फॉरेस्टचा वॉचर धापा टाकत आला आणि ओरडला, "आनि! आनि!"

आम्ही आप्पाकडे बघितलं.

"आनि काय? फुडं बोल की," आप्पा त्याला म्हणाला.

"आनि री!"

"फुडचं आठवंना झालंय त्येला," आप्पाने आम्हाला समजावलं. "दम खाऊ दे जरा."

मग आम्ही सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत बसलो. तेवढ्यात मागच्या केळी कडाकडा मोडल्या आणि हत्ती बाहेर आला. सत्तरीचा आप्पा देवळाच्या छपरावर कसा चढला ते मला सांगता येणार नाही, कारण मी त्याच्या आधीच वर होतो.

हत्ती गेल्यावर वॉचरने हाताची सोंड करून दाखवली. आमच्यातला भरमा म्हणाला, "आप्पा, आनि म्हंजे हत्ती. तुला ठावं न्हवतं व्हय?"

आप्पाचं तोंड एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं. तोवर त्याची बायको शालूबाई घरातून धावत आली होती.

"ठावं न्हाई कसं? एकच हत्ती हाय का आनि हाइत, ते इचारत हुते," ती म्हणाली.

गावाने माना डोलावल्या.

मी शेजारी. संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"तुला कानडी येतंय?"

"माझं म्हायेर चिकोडीकडचं न्हवं का?"

"मग चाळीस वरसं गप का बसलीस?"

"कागद लांब धरला की लई रुबाबदार दिसायचा तुमी."

काल माझ्या पेन्शनचा कागद आला. आप्पाने चष्मा पुसला, कागद लांब धरला. शालूबाई चहा ठेवताना त्याच्या कानाशी वाकली.

"उद्या या म्हंत्यात," आप्पा म्हणाला.

या खेपेला कागदात खरंच तसं लिहिलं होतं.